रेखाव, १९५६ : स्टुडिओ सोडला, पुढे काय?

सिंहलीत 'रेखाव' म्हणजे रेषा. मराठी माणसाला हा शब्द फोड करून सांगावा लागत नाही. आपलीच रेखा, तिला त्यांनी त्यांचा प्रत्यय जोडला आहे. ही रेषा तळहातावरची. गावात आलेला एक खेळवाला, उंच काठ्यांवर चालणारा, सेना नावाच्या पोराचा हात बघतो आणि सांगून टाकतो की हा मोठेपणी लोकांना बरं करणारा होणार. पुढे सेनाची मैत्रीण अनुला पतंग उडवताना अचानक आंधळी होते, आणि त्याच्या हाताच्या स्पर्शाने तिला दिसायला लागतं. निदान गाव तसं मानतं. मग बाप त्या हाताचा धंदा करायला बघतो, रांगा लागतात, आणि एका सधन माणसाचा आजारी मुलगा त्या हाताखाली मरतो. तेच गाव उलटतं. पाऊस लांबला तर तोही याच पोराच्या माथी.

लेस्टर जेम्स पीरिस यांचा हा पहिला कथापट २८ डिसेंबर १९५६ रोजी कोलंबोत प्रदर्शित झाला. समीक्षकांनी उचलून धरला, तिकीटबारीवर पडला. १९५७ च्या मे महिन्यात तो कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता, बर्गमन, फेलिनी, ब्रेसाँ, वायदा यांच्या चित्रपटांच्या शेजारी. आणि तरीही दिग्दर्शकाचा पुढचा कथापट यायला १९६० साल उजाडलं.

या प्रकरणाकडे सहसा 'महान पण दुर्लक्षित कलाकृती' या चष्म्यातून बघितलं जातं. मला त्यात फारसा रस नाही. मला रस आहे तो एका निर्णयात. स्टुडिओत जायचं नाही, असं या मंडळींनी ठरवलं. तेवढं ठरल्यावर प्रकाश, माणसं, बोली, संगीत यांतले पुढचे बरेचसे निर्णय त्यांच्यापुढे आपोआप येऊन उभे राहिले. एक मात्र त्यांना घेता आला नाही. त्याच्याकडे शेवटी येऊ.

मदुराईतलं सिंहली गाव

आधी हे समजून घ्यायला हवं की १९५६ पर्यंत सिंहली चित्रपट ही बऱ्याच अंशी दक्षिण भारतात तयार होणारी वस्तू होती. पहिला सिंहली बोलपट 'कडवुणु पोरोन्दुव', म्हणजे मोडलेलं वचन, २१ जानेवारी १९४७ ला लागला. तो चित्रित झाला मदुराईच्या स्टुडिओत. निर्माते एस. एम. नायगम तमिळ, दिग्दर्शक ज्योतिष सिन्हा बंगाली, आणि मूळ नाटक बी. ए. डब्ल्यू. जयमान्न यांच्या मिनर्व्हा मंडळीचं. त्याच वर्षीचा 'अशोकमाला' कोइंबतूरला झाला. पुढची काही वर्षं हाच रिवाज. नट-नट्या बोटीत बसून पलीकडे जायचे, तयार सेटवर उभे राहायचे, तिथल्याच तंत्रज्ञांकडून, तिथल्याच चालींवर चित्रपट करून परत यायचे. १९५१ मध्ये सिरिसेन विमलवीर यांनी किरिबत्गोडला स्वतःचा स्टुडिओ काढला, तेव्हा समुद्र ओलांडण्याला निदान एक पर्याय मिळाला. साचा मात्र बदलला नाही.

त्या साच्याची मुळं शोधत गेलं तर आपल्या दारातही येऊन पोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या पारशी नाटक कंपन्या कोलंबोला गेल्या, आणि त्यांच्या धर्तीवर 'नूर्ती' हा सिंहली संगीत नाटकाचा प्रकार उभा राहिला. पडदे, झगमगाट, हिंदुस्थानी चाली. मिनर्व्हाची नाटकं त्याच वळणाची, आणि त्या नाटकांचे पुढे चित्रपट झाले. म्हणजे मुंबईहून रंगमंचावर गेलेला थाट मद्रासमार्गे पडद्यावर परत आला. १९५५ च्या 'सेद सुलंग' या सिंहली चित्रपटात तर खुद्द लता मंगेशकरांचं गाणं आहे, 'श्रीलंका मा प्रियादर जयभूमि'. संगीतकार सुसर्ला दक्षिणामूर्ती. गाणं श्रवणीय आहे, उच्चारही लताबाईंनी घ्यायची ती काळजी घेऊन केलेले. पण सिलोनच्या भूमीचं स्तोत्र भारतात, भारतीय गायिकेकडून, तेलुगू संगीतकाराच्या चालीवर तयार होतं, ही त्या काळची अगदी सर्वसाधारण गोष्ट होती. कुणाला त्यात वावगं वाटलं असेल असं दिसत नाही.

तिघांचे राजीनामे

लेस्टर यांचा जन्म १९१९ सालचा, कोलंबोजवळच्या देहिवलचा. कॅथलिक घर, घरात इंग्रजी. भाऊ आयव्हन चित्रकार, सिलोनच्या '४३ ग्रुप' या प्रसिद्ध चित्रकारमंडळींपैकी. लेस्टर पत्रकार झाले आणि १९४७ मध्ये लंडनला गेले. तिथून ते 'टाइम्स ऑफ सिलोन'साठी कलाविषयक पत्र लिहीत. त्या वृत्तपत्राचे तेव्हाचे संपादक होते मुंबईचे, मूळ गोव्याचे फ्रँक मोराएस. लंडनमध्ये दोस्तांना जमवून त्यांनी हौशी लघुपट केले, आणि इटलीतून येणारे रस्त्यावरचे, खऱ्या घरांतले चित्रपट पाहिले.

१९५२ मध्ये ते परतले ते शासकीय फिल्म युनिटमध्ये, राल्फ कीन या इंग्रज माहितीपटकाराच्या हाताखाली. आपल्याकडच्या फिल्म्स डिव्हिजनसारखंच हे खातं. इथे त्यांना छायाचित्रकार विल्यम ब्लेक आणि संकलक टायटस डी सिल्वा भेटले. लेस्टरनी तिथे 'कॉन्क्वेस्ट इन द ड्राय झोन' हा मलेरियाविरुद्धच्या लढ्यावरचा माहितीपट केला, १९५४ साली. १९५५ मध्ये तिघांनीही राजीनामे दिले आणि 'चित्र लंका लिमिटेड' या कंपनीसाठी कथापट करायला घेतला.

सरकारी नोकरी सोडून तीन तरुण बाहेर पडले, असं धाडसाच्या अंगाने हे सांगता येईल. मला त्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ज्याला आज उद्योगातली मंडळी 'आर अँड डी' म्हणतात ते या तिघांचं सरकारी खर्चाने आधीच झालं होतं. वीज नसलेल्या गावात कॅमेरा कसा न्यायचा, नट नसलेल्या माणसांना लेन्सकडे न बघता चालायला कसं सांगायचं, दुपारचं ऊन कसं टाळायचं, हे सगळं ते पगारावर शिकले होते. स्टुडिओतून बाहेर पडलेला दिग्दर्शक आणि स्टुडिओत कधी गेलेलाच नसलेला दिग्दर्शक यात हा फरक असतो. पहिल्याला बाहेर गेल्यावर एकेक गोष्ट नाही म्हणून जाणवते. दुसऱ्याला ती कधी मिळालेलीच नसते.

कवडसे

बाहेर चित्रण करणं म्हणजे स्वस्तात काम उरकणं, असा एक समज अजूनही आहे. आठ वर्षांपूर्वी मालवणच्या अलीकडे एका माडाच्या बागेत मी काथ्या वळणाऱ्या आजींवर छोटा माहितीपट करत होतो, तेव्हा हा समज माझ्यापुरता मोडला. सकाळी नऊला आजी झाडाखाली बसल्या. माडाच्या झावळ्यांतून ऊन गाळून येत होतं, दिसायला सुरेख. कॅमेऱ्यात पाहिलं तर अर्धं कपाळ पांढरंफटक, डोळे काळ्या खळग्यात, हनुवटीवर पुन्हा एक झगझगीत ठिपका. हे कवडसे डोळ्यांना गोड वाटतात कारण डोळा क्षणाक्षणाला जुळवून घेतो. कॅमेरा तसं करत नाही. लाईटवाल्या दादांनी वरून पांढरं कापड बांधलं, समोर थर्माकोलचा पत्रा धरला, चेहरा जरा उजळला. पहिला टेक झाला. आजींनी एक ओळ पुन्हा सांगावी म्हणून दुसरा घेतला, तर मधल्या सात-आठ मिनिटांत सूर्य सरकला होता आणि नाकावरचा कवडसा गालावर आला होता. दोन्ही तुकडे एकमेकांना जोडता येईनात. संध्याकाळपर्यंत आमच्या हाताशी कामाची जेमतेम चार मिनिटं लागली.

आमच्याकडे डिजिटल कॅमेरा होता, समोर मॉनिटर होता, चूक लगेच दिसत होती. ब्लेक यांच्यासमोर यातलं काही नव्हतं. त्या काळात निगेटिव्ह धुऊन, त्याची प्रत निघून येईपर्यंत काय टिपलं गेलं ते कळतच नसे. कृष्णधवल फिल्मला एका वेळी पेलवणारा उजेड-अंधाराचा पल्लाही मर्यादित, आणि दक्षिण सिलोनचं गाव म्हणजे कोकणासारखंच: माड, दाट सावली, मध्येच डोळे दिपवणारं अंगण, पलीकडे भातखाचरात साठलेल्या पाण्याची चमक. स्टुडिओत छायाचित्रकार अंधारापासून सुरुवात करतो आणि हवा तिथे हवा तेवढा उजेड ओततो. बाहेर नेमकं उलटं. उजेड आधीच आहे, नको तिथे आहे, आणि तो वजा करत जायचं. हे दोन वेगळे हात आहेत. मद्रासमधला उत्तम छायाचित्रकारही पहिल्या दिवशी इथे चाचपडला असता, आणि त्यात त्याचा कमीपणा नव्हता.

'रेखाव' बघताना म्हणूनच मी कथेपेक्षा अंगणं बघतो. पोरं बांधावरून धावतात तेव्हा कॅमेरा त्यांना ऊन-सावलीतून जाऊ देतो, प्रत्येक पावलाला चेहरा उजळवत बसत नाही. काठ्यांवर चालणारा मिगेल येतो तेव्हा त्याच्यामागे आकाश आहे, रंगवलेला पडदा नाही. उंच माणूस आणि खाली जमलेली पोरं हा मेळ सेटवर बसणं कठीणच. छताशी बांधलेले दिवे मध्ये आले असते. म्हणजे पटकथेतलं पहिलं पात्र हेच मुळी स्टुडिओच्या उंचीत न मावणारं आहे. हे ठरवून केलं की सहज झालं, ते असो. चित्रपट कुठे राहणार हे तो खेळवाला दिसताक्षणी ठरून जातं.

आवाजाचं दुखणं आणखी वेगळं. त्या काळचा कॅमेरा चालताना शिलाई मशीनसारखा करकरायचा. तो आवाज दाबायचा तर कॅमेऱ्यावर जाडजूड खोळ घालावी लागे, आणि खोळ घातली की कॅमेरा हलेना. शिवाय कावळे. ज्याने सिलोनचा किंवा कोकणाचा किनारा पाहिला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

लखनौला शिकलेला बंडखोर

संगीताच्या बाबतीत जे घडलं ते मराठी वाचकाला जास्तच जवळचं आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

संगीत दिलं सुनील शांत यांनी. जन्मनाव डॉन जोसेफ जॉन, १९१५ चा जन्म, गाव जा-एल. शांतिनिकेतन करून ते लखनौला गेले आणि तिथल्या मॉरिस कॉलेजात विशारद झाले. हेच पुढे भातखंड्यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलेलं विद्यापीठ, आणि तेव्हा त्याचे प्राचार्य होते मुंबईत जन्मलेले, भातखंड्यांचे पट्टशिष्य पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. मायदेशी परतल्यावर शांत यांनी केलं ते मात्र लखनौच्या शिस्तीला फटकून. 'ओलु पिपीला'सारख्या गाण्यांत त्यांनी रागाची लड बाजूला ठेवली, सिंहली शब्दाचा स्वतःचा झोक पकडला, आणि एकेका अक्षराला एकेक सूर देत साधी, गळ्यात बसणारी गाणी केली. रेडिओ सिलोनवर ती घराघरात गेली.

१९५२ मध्ये रेडिओ सिलोनने आपल्या गायक-वादकांची पारख करून श्रेणी ठरवायला बाहेरून परीक्षक बोलावला. ते परीक्षक म्हणजे रातंजनकर.

शांत यांनी परीक्षेला बसायला साफ नकार दिला. सिंहली गाण्याची पारख हिंदुस्थानी संगीताच्या पंडिताने का करावी, हा त्यांचा सवाल होता. ज्या कॉलेजाने पदवी दिली त्याच्याच प्राचार्यांपुढे पुन्हा उभं राहायला त्यांनी नाही म्हटलं, आणि रेडिओचं दार त्यांना बंद झालं. रातंजनकरांबद्दल आकस धरायचं कारण नाही. त्याच सुमारास भारताचे तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या आकाशवाणीसाठीही ते असंच परीक्षकाचं काम करत होते, आणि इकडेही कलाकारांनी आरडाओरडा केलाच होता. गंमत अशी की केसकरांनी आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं हद्दपार केली आणि ती ऐकायला आपल्या आजोबा-आजींची पिढी नेमकी रेडिओ सिलोन लावून बसली. आपल्याकडे 'बिनाका'चे चाहते सुई फिरवून जे स्टेशन शोधत होते, त्याच स्टेशनचं दार तिथल्या लाडक्या गायकाला बंद होतं.

रेडिओवरून बाहेर पडलेला हा माणूस लेस्टरनी 'रेखाव'साठी घेतला. गीतं लिहिली फादर मार्सेलिन जयकोडी यांनी, जे कॅथलिक धर्मगुरू होते आणि सिंहलीतले कवीही. 'ओलु नेलुम नेरिय रंगाला' हे त्यातलं गाणं आजही तिकडे लोकांच्या तोंडी आहे. ओलु आणि नेलुम ही पाण्यातली फुलं, कुमुद आणि कमळ. चाल ऐकताना ती कुठल्या हिंदी गाण्यावरून उचलली असा प्रश्न पडत नाही, आणि १९५६ साली हीच मोठी बातमी होती.

कोलंबोची माणसं, गावची कथा

नटसंचाची गंमत अशी की गावच्या गोष्टीत काम करायला लेस्टरना गावची माणसं आणि कोलंबोच्या इंग्रजी रंगभूमीवरची माणसं, दोन्ही लागली. सेना आणि अनुला झालेली सोमपाल धर्मप्रिय आणि मर्टल फर्नांडो ही पोरं पडद्याला नवखी. मिगेल झालेले शेष पालिहक्कार मूळचे नर्तक. काठ्यांवर तोल सांभाळत अभिनय करायचा तर नर्तकच हवा. सेनाचे आईबाप झाले इरांगनी आणि विन्स्टन सेरसिंह, हे खऱ्या आयुष्यातलंही जोडपं. इरांगनीबाई इंग्लंडमध्ये नाट्यशिक्षण घेऊन आलेल्या. हा त्यांचा पहिला चित्रपट, आणि पुढे त्या अख्ख्या देशाची पडद्यावरची आई झाल्या. लबाड सूटीच्या भूमिकेत डी. आर. नानायक्कार, ज्यांना लोक या चित्रपटानंतर ओळखायला लागले.

आता पटकथा लिहिणाऱ्या लेस्टर यांची सिंहली कच्ची, हे त्यांनी कधी लपवलं नाही. संवाद लिहिले के. ए. डब्ल्यू. परेरा यांनी. सिंहलीत लिहिण्याची भाषा आणि बोलण्याची भाषा यांत मोठं अंतर आहे, इतकं की क्रियापदांची रूपंही वेगळी चालतात. नाटकी सिंहली चित्रपटांत पात्रं बरेचदा व्यासपीठावरून बोलावं तशी बोलत. खऱ्या अंगणात उभं राहून मात्र तशी भाषा बोलता येत नाही, मागे कोंबड्या फिरत असतात. सेटवर जे खपून जातं ते मातीवर खोटं वाजतं. नटांना 'नैसर्गिक बोला' असं शंभरदा सांगण्यापेक्षा त्यांना विहिरीच्या काठावर उभं करणं जास्त परिणामकारक, असा माझाही अनुभव आहे.

याला एक राजकीय पार्श्वभूमीही आहे, आणि ती नजरेआड करून चालणार नाही. १९५६ हे सिलोनमधलं वादळी साल. एप्रिलमध्ये बंडारनायके निवडून आले, मे महिन्यात बुद्धपरिनिर्वाणाची अडीच हजार वर्षं साजरी झाली, वर्षाच्या मध्यावर सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा झाला, ज्याची झळ तमिळांना पुढे अनेक दशकं लागली. नोव्हेंबरमध्ये एदिरिवीर सरच्चंद्र यांचं 'मनमे' रंगभूमीवर आलं आणि सिंहली नाटकाने कूस बदलली. डिसेंबरअखेर 'रेखाव'. सगळीकडे 'आपलं, अस्सल सिंहली' याचा गजर होता. आणि पहिला अस्सल सिंहली म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो चित्रपट केला इंग्रजी घरातल्या एका कॅथलिकाने, त्याचं संगीत कॅथलिक घरात जन्मलेल्या संगीतकाराचं, गीतं चर्चमधल्या फादरची. यात मला विसंगती वाटत नाही. जो आतला असतो त्याला गाव सवयीने दिसत नाही. लेस्टर यांना गाव नव्याने दिसत होतं, म्हणून त्यांनी ते नीट बघितलं. काही ठिकाणी जरा जास्तच नीट. गावच्या भोळेपणाकडे बघण्यात शहरी कौतुकाची एक छटा आहे, ती मला आजही खटकते.

का पडला

कारणं शोधताना 'प्रेक्षक तयार नव्हता' म्हणून हात झटकणं सोपं आहे. मी ते मान्य करत नाही. तोच प्रेक्षक त्याच महिन्यांत 'मनमे' डोक्यावर घेत होता, आणि 'मनमे' काही सोपं नाटक नव्हतं.

माझ्या मते चित्रपट दोन दगडांवर पाय ठेवून उभा होता. स्टुडिओ सोडला, पण स्टुडिओच्या चित्रपटाचा सांगाडा पूर्ण सोडला नाही. गाणी आहेत, आणि ती कितीही अस्सल असली तरी मधूनमधून कथा थांबवून येतात. एक तरुण प्रेमी जोडीही आहे, जिची मूळ गोष्टीला फारशी गरज नाही. हाच तो निर्णय, जो त्यांना घेता आला नाही: गाण्यांशिवाय चित्रपट लावायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे झालं असं की ज्याला मद्रासी धाटणीची करमणूक हवी होती त्याला नायक-नायिका, मारामारी, नाच पुरेसं मिळालं नाही, कारण मध्यभागी दोन पोरं होती. ज्याला वेगळं हवं होतं त्याला जुन्याचे ठसे दिसले. शिवाय कथेत गाव स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. दीड तास अंधारात बसून आपण किती भाबडे आणि किती चटकन क्रूर होतो हे बघायला पैसे देणारा प्रेक्षक कुठल्याही भाषेत कमीच.

कानमधल्या मानाने देशातलं नुकसान भरून निघालं नाही. बाहेर टाळ्या पडल्या की पुढच्या चित्रपटाला पैसे मिळतात, हा समज आपल्याकडच्याही अनेक दिग्दर्शकांना महागात पडला आहे. लेस्टर यांना पुढचा चित्रपट मिळाला तो थेट 'संदेशय', १९६०, के. गुणरत्नम यांच्या पैशावर. पोर्तुगीज काळातलं बंड, पोशाख, लढाया. गोव्याच्या वाचकाला त्यातला शत्रू ओळखीचा वाटेल, कारण सिलोनमधल्या पोर्तुगीज कारभाराची दोरी गोव्यातच बांधलेली होती. 'संदेशय' चालला. पोर्तुगिजांवरचं त्यातलं गाणं तर पोराटोरांच्या तोंडी बसलं. लेस्टर यांनी तो मन मारून केला असं समजणाऱ्यांनी तो पुन्हा बघावा; बाहेरच्या उजेडाचा हात तिथेही दिसतो. पण महत्त्वाचं हे की या यशामुळे त्यांचं नाव बाजारात पुन्हा चालू झालं.

टायटस यांचंही सांगून टाकतो. त्यांनी पुढे टायटस तोटवत्त या नावाने स्वतः चित्रपट दिग्दर्शित केले, आणि दूरदर्शनच्या जमान्यात परदेशी कार्टूनांना असा खट्याळ सिंहली आवाज दिला की श्रीलंकेतली एक अख्खी पिढी त्यांना 'टायटस मामा' म्हणूनच ओळखते. बग्ज बनीला सिंहली बोलायला लावणारा माणूस आणि 'रेखाव'ची निगेटिव्ह कापणारा माणूस एकच, हे कळल्यावर मी तरी खूश झालो होतो.

दुसरा डाव

राहिलेला निर्णय १९६३ मध्ये घेतला गेला, 'गम्पेरळिय' करताना. 'गम' म्हणजे गाव, 'पेरळिय' म्हणजे उलथापालथ. मार्टिन विक्रमसिंह यांची १९४४ ची कादंबरी, पटकथा रेजी सिरिवर्धन यांची, निर्माते अँटन विक्रमसिंह. दक्षिणेकडच्या एका जुन्या घराण्याची पडझड, आणि त्या घरातली नंदा. तिला इंग्रजी शिकवायला येणाऱ्या पियलला घरचे नाकारतात कारण त्याचं कूळ कमी, आणि पुढे तोच व्यापारात पैसा करून परत येतो. खोतीच्या किंवा देशमुखीच्या वाड्याची पडझड ज्याने घरात ऐकली आहे त्याला हे दुसऱ्या देशातलं वाटणार नाही. तिथे अशा वाड्याला 'वलव्व' म्हणतात.

या वेळी साच्यातली गाणी नाहीत, मारामारी नाही, खलनायकही नाही. संगीत डब्ल्यू. डी. अमरदेव यांचं. तेही लखनौच्या भातखंडे कॉलेजात शिकलेले, व्हायोलिनचे गुरू पंडित विष्णु गोविंद जोग. जे सुनील शांत यांना झुगारावं लागलं त्याच्याशी अमरदेवांनी वेगळं नातं ठेवलं: शिकलेलं पोटात ठेवून वर फक्त दोन-चार सूर येऊ दिले. ज्या चित्रपटात कुणी गात नाही तिथे एवढंच हवं होतं.

आणि स्टुडिओत एकही दृश्य झालं नाही. 'रेखाव' मुख्यतः उघड्यावरचा होता, आता कथा घराच्या आत शिरली होती. अंधाऱ्या खोल्या, जाड भिंती, छोट्या खिडक्या. अशा घरात कवडशांचा प्रश्न नसतो, उजेडच नसतो. ब्लेक यांच्याकडे तिथे एक दिवा होता आणि हातात धरून फिरवायचे काही दिवे. नंदा खोलीतून व्हरांड्याकडे येते तेव्हा कुणीतरी चौकटीबाहेर दिवा हातात घेऊन तिच्या चालीबरोबर सरकत असणार. बघताना मी दरवेळी त्या न दिसणाऱ्या माणसाच्या हाताकडे लक्ष देतो. तो हात हलत नाही.

जानेवारी १९६५ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात 'गम्पेरळिय'ला सुवर्णमयूर मिळाला. परीक्षकमंडळाचे अध्यक्ष होते सत्यजित राय.